बडोद्याचा विषप्रयोग खटला (१८७५) : साक्षीदार, उलटतपास आणि तीन विरुद्ध तीन

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत मल्हारराव महाराजांची गोष्ट अजून सांगितली जाते. कोणी म्हणतं, महाराज निर्दोष होते आणि इंग्रजांनी त्यांना बळंच काढलं. कोणी म्हणतं, नाही, त्यांचा कारभारच तसा होता. दोन्ही बाजूंची मंडळी एका गोष्टीवर मात्र एकमत होतात, ती म्हणजे विलायतेहून आलेल्या बॅलंटाइन साहेबाने साक्षीदारांना पार उघडं पाडलं. पण उघडं पाडलं म्हणजे नेमकं काय केलं? साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची रीत काय असते? सरतपास कशाला म्हणतात, उलटतपास कशाला, आणि माफीच्या साक्षीदाराचा शब्द किती धरायचा? हे नीट कळलं तर १८७५ चा हा खटला वेगळ्याच प्रकाशात दिसतो. म्हणून या लेखात खटल्याची हकीगत आणि साक्षीची पद्धत दोन्ही बरोबरच पाहू.

थोडी पार्श्वभूमी

खंडेराव महाराज १८७० च्या अखेरीस वारले आणि त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव गादीवर आले. कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या. १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून आले. त्यांचं आणि महाराजांचं पहिल्यापासूनच पटलं नाही. त्याच वर्षी सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली कारभाराची चौकशी झाली आणि महाराजांना सुधारणेसाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी आले. फेअर आणि दादाभाई यांचंही जमेना. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयना खलिता लिहून हा रेसिडेंट बदलून द्यावा अशी मागणी केली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरते.

बरोबर एका आठवड्याने, सोमवारी ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअर यांनी टेबलावर ठेवलेलं पपनसाचं सरबत घेतलं. एकदोन घोटांतच बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मग तो मुंबईला सरकारी रसायन परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचं मत आलं. पुढे फेअर यांची बदली झाली, सर लुइस पेली आले, मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर आपली माणसं घेऊन तपासाला आले आणि १४ जानेवारी १८७५ ला महाराजांना अटक झाली.

हे न्यायालय नव्हतं

२३ फेब्रुवारी १८७५ ला बडोद्यात जे बसलं ते न्यायालय नव्हतं, आयोग होता. त्याला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. पुरावा ऐकून मत द्यायचं, निर्णय व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक घेणार, असं ठरलं होतं. पण काम चाललं ते फौजदारी खटल्यासारखंच.

आयोगात सहा जण होते. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल हे इंग्रज. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. म्हणजे सहांतले दोन ग्वाल्हेरशी संबंधित मराठी माणसं. आपल्या वाचकांपैकी ग्वाल्हेरच्या मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल उभे राहिले. महाराजांतर्फे लंडनहून सार्जंट विल्यम बॅलंटाइन. सार्जंट म्हणजे फौजेतला नव्हे बरं का, ती इंग्लंडमधल्या वरिष्ठ बॅरिस्टरांची जुनी पदवी होती.

आरोप थोडक्यात असे होते: महाराजांनी रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधलं, त्यांना पैसे दिले, त्यांच्याकरवी बातम्या काढल्या आणि शेवटी रेसिडेंटवर विषप्रयोग करवला. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, संधान आणि विष. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. सगळा खटला या एका फटीवर उभा होता.

साक्षीदाराचे तीन फेरे

साक्षीदार पिंजऱ्यात आला, शपथ झाली, की त्याला तीन फेऱ्यांतून जावं लागतं. हा क्रम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १३७ आणि १३८ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात तो कलम १४२ आणि १४३ मध्ये आहे. आकडे बदलले, रीत तीच राहिली.

पहिला सरतपास. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याचा वकील विचारतो. इथे नियम असा की सूचक प्रश्न विचारायचे नाहीत. उत्तर ज्याच्या पोटातच असतं तो सूचक प्रश्न. “तुम्ही त्या रात्री गाडीतून वाड्यावर गेलात ना?” हा सूचक. “त्या रात्री तुम्ही कुठे होतात?” हा सरळ. सरतपासात साक्षीदार आपलाच असतो, त्याच्या तोंडी शब्द घातले तर साक्ष वकिलाची होईल, साक्षीदाराची नाही. नाव, गाव, धंदा अशा वाद नसलेल्या गोष्टींपुरती मात्र सूट असते.

दुसरा उलटतपास. इथे समोरच्या पक्षाचा वकील विचारतो आणि सूचक प्रश्न खुशाल विचारू शकतो. साक्षीदार खरं बोलतो का, त्याला दिसलं किती आणि ऐकीव किती, त्याचा स्वार्थ काय, आधी वेगळं बोलला होता का, हे सगळं काढता येतं. आधीचं लेखी म्हणणं त्याच्याविरुद्ध वापरायचं असेल तर त्यातला नेमका भाग आधी त्याला दाखवावा लागतो, खुलासा करायची संधी द्यावी लागते. मागून वार करायचा नाही असा याचा अर्थ.

तिसरा फेरतपास. उलटतपासात जे गुंते झाले ते सोडवायला पहिल्या वकिलाला पुन्हा संधी. नवा विषय काढायचा नाही, काढायचा तर कोर्टाची परवानगी घ्यायची आणि मग समोरच्यालाही पुन्हा विचारू द्यायचं.

न्यायाधीश स्वतः केव्हाही, काहीही विचारू शकतात. तो अधिकार कायद्यात स्पष्ट आहे.

बडोद्यात यात आणखी एक अडचण होती, भाषेची. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठी, गुजराती नाहीतर हिंदुस्थानीत, मध्ये दुभाषी. बॅलंटाइनना एतद्देशीय भाषा येत नव्हती. उलटतपासाचा जोर असतो तो प्रश्नामागून प्रश्न झटपट टाकण्यात, साक्षीदाराला विचार करायला वेळ न देण्यात. दुभाषी मध्ये असला की साक्षीदाराला तेवढी उसंत मिळतेच. तरीही जे निघालं ते काही थोडं नव्हतं.

आमिना आया : पूरक पुरावा म्हणजे काय

रेसिडेन्सीतली आया आमिना हिने सांगितलं की आपण रात्रीच्या वेळी महाराजांकडे गेलो होतो आणि साहेबाचं मन वळवण्याबद्दल, जादूटोण्याबद्दल तिथे बोलणं झालं. आता एका नोकराणीच्या शब्दावर राजाला दोषी धरायचं का? म्हणून सरकार पक्षाने तिला नेणारे गाडीवान उभे केले, तिच्या नवऱ्याची साक्ष काढली, तिच्याकडून गेलेली पत्रं दाखल केली. याला पूरक पुरावा म्हणतात. एकाच्या सांगण्याला दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून टेकू मिळतो.

पण टेकू कशाला मिळाला ते पाहावं. गाडीवान सांगतो की बाईला वाड्याकडे नेलं. ठीक, जाणं सिद्ध झालं. आत काय बोलणं झालं ते गाडीवानाला काय माहीत? जाणं म्हणजे संधान होईल, विष नाही. वकिलाची नजर अशा सांध्यावरच असते.

रावजी आणि नरसू : माफीचा साक्षीदार

खटल्याचा कणा होता रेसिडेन्सीचा हवालदार रावजी. त्याला माफीचं वचन मिळालं होतं. त्याने सांगितलं की वाड्यावरून पुड्या मिळाल्या, पैसे मिळाले, आणि सरबतात पूड आपणच टाकली. पैशाला टेकू म्हणून त्याने करवून घेतलेल्या दागिन्यांचा पुरावा सोनाराकरवी आला.

गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीबद्दल १८७२ च्या कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. कलम १३३ म्हणायचं, साथीदार साक्ष देऊ शकतो आणि केवळ त्याच्या शब्दावर दोषी ठरवणं बेकायदा नाही. कलम ११४ च्या उदाहरणात मात्र म्हटलं होतं की टेकू नसेल तर साथीदार भरवशाचा नाही असं कोर्टाने धरावं. व्यवहारात दुसरी गोष्टच चालत आली. नव्या कायद्याच्या कलम १३८ मध्ये तर पूरक पुराव्याची गोष्ट कलमातच आणली आहे. कारण साधं आहे. स्वतःची मान सोडवायला माणूस दुसऱ्याची अडकवेल ही भीती.

रावजीच्या साक्षीत सगळ्यात गाजला तो पट्टा. त्याच्या चपराशी पट्ट्यात सोमलाची एक पुडी सापडली. पण केव्हा? पोलीस अधिकारी अकबर अली यांनी रावजीला पुड्या कुठे ठेवायचास म्हणून विचारलं, तो पट्ट्यात म्हणाला, आणि तोवर दुसऱ्या शिपायाकडे गेलेला पट्टा आणून चाचपला तेव्हा पुडी निघाली. सरकार पक्ष म्हणाला, बघा, वस्तूच बोलते. बचाव पक्षाने सुचवलं की इतके आठवडे विष पट्ट्यात विसरून राहतो कोण, आणि पट्टा रावजीकडे नसताना त्यात काय घातलं गेलं नसेल कशावरून? आजही जप्तीचा पंचनामा, पंच, मोहोर यांवर कोर्टात जो तासन्‌तास कीस पाडला जातो तो याचसाठी. वस्तू सापडली एवढं पुरत नाही. ती कुणाच्या ताब्यात होती, मधल्या काळात कुणाकुणाचे हात लागले, सापडताना कोण हजर होतं, याची साखळी अखंड लागते.

नरसू जमादाराची गोष्ट वेगळी. रेसिडेन्सीचा जुना नोकर. त्याला माफीचं वचन मिळालेलं नव्हतं, तरी त्याने रावजीशी जुळणारी हकीगत सांगितली. मधेच त्याने रेसिडेन्सीच्या बागेतल्या विहिरीत उडी घेतली, त्याला वर काढलं. माफीची आशा नसताना माणूस स्वतःला गुंतवून का सांगेल, हा सरकार पक्षाचा जोरदार मुद्दा होता. यावर बचावाचं म्हणणं, रावजीने सगळं सांगून टाकलंय हे नरसूला जबानीच्या आधी कळलं होतं, मग दोन जबान्या जुळल्या यात नवल काय? दोन साथीदार एकमेकांचे टेकू होऊ शकत नाहीत, टेकू बाहेरून यावा लागतो, हा नियम इथे अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

बटलर पेद्रू आणि जवाहिऱ्या हेमचंद

फेअर यांच्या अनेक वर्षांच्या पदरचा बटलर पेद्रू हा गोव्याचा. साथीदारांच्या जबान्यांत त्याचंही नाव आलं होतं. पिंजऱ्यात त्याने रजेवर गोव्याला जाताना पैसे मिळाल्याचं मान्य केलं, पण विषाशी आपला काडीचा संबंध नाही असं ठाम सांगितलं. हा साक्षीदार सरकार पक्षानेच आणलेला होता. त्याचं खरं मानलं तर त्याचं नाव घेणारे साथीदार एका ठिकाणी तरी खोटे ठरतात. खोटं मानलं तर आपणच आणलेला माणूस आपणच खोटा म्हणायचा. वकिलाला नको वाटणारी अवस्था ती हीच.

हेमचंद फतेचंद हा जवाहिऱ्या. वाड्यावर हिरे दिल्याची त्याची सहीनिशी जबानी होती. हिऱ्याची पूड सिद्ध करायला हा दुवा फार मोलाचा. पण पिंजऱ्यात तो फिरला. ती जबानी खरी नाही, पोलीस अधिकारी गजानन विठ्ठल यांनी दबाव आणून ती घेतली, वहीतल्या नोंदीही तशाच करवून घेतल्या, असं तो म्हणू लागला.

असा साक्षीदार म्हणजे आपण ज्याला फितूर साक्षीदार म्हणतो तो. तेव्हा ज्याने बोलावलं तोच वकील कोर्टाची परवानगी घेऊन त्याचा उलटतपास घेऊ शकतो. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष रद्द होते असा एक समज आहे, तो चुकीचा. त्यातला विश्वासार्ह वाटेल तेवढा भाग कोर्ट घेऊ शकतं. आणि पोलिसांपुढच्या जबानीवर आज साक्षीदाराची सही घेत नाहीत. ती जबानी कोर्टात पुरावा म्हणून नव्हे, मुख्यतः विसंगती दाखवायला वापरतात. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही हे तर १८७२ पासूनच कायद्यात आहे. हेमचंदासारखा माणूस पिंजऱ्यात उभा राहून जे सांगतो ते खरं असो वा खोटं, हे नियम का केले ते त्यावरून समजतं.

दामोदरपंत : एकटा पूल

नोकरांपासून थेट महाराजांपर्यंत पोचवणारा साक्षीदार मुख्यतः एकच, महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत. सोमल आणि हिरे आपण महाराजांच्या हुकुमाने मिळवले असं त्यांनी सांगितलं. साप, मुंगळे, काळ्या घोड्याचं मूत्र वगैरे घालून केलेल्या एका विषारी काढ्याचीही कथा त्यांच्या साक्षीत आहे. खासगी दप्तरातल्या शाई फासलेल्या नोंदी पुढे आल्या. त्या रकमा लपवायलाच शाई फासली, असं सरकार पक्षाचं म्हणणं.

उलटतपासात जोर आला तो जबानीच्या वेळेवर. दामोदरपंतांना महाराजांबरोबरच धरलं होतं. सुमारे दोन आठवडे ते गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात होते आणि त्यानंतर माफीच्या वचनावर बोलले. तोवर बाकीच्यांची हकीगत बाहेर आली होती. या कैदेतून सुटावं ही इच्छा किती आणि खरं सांगावं ही किती, हे आयोगाने आपलं आपण ठरवायचं होतं.

दुसरा घाव न आलेल्या साक्षीदाराचा. ज्या बोहऱ्याकडून सोमल आणला असं दामोदरपंत म्हणाले, त्याला सरकार पक्षाने उभंच केलं नाही. हाताशी असलेला पुरावा एखादा पक्ष लपवतो तेव्हा तो त्याच्या विरुद्ध जाईल असं कोर्ट धरू शकतं, हाही कायद्यातलाच नियम. कधी कधी पिंजरा रिकामा राहतो तेव्हाच तो जास्त बोलतो.

आणि ती २ नोव्हेंबरची तारीख. रेसिडेंट बदलून मागणारा खलिता नुकताच गेलेला. बचाव पक्षाने विचारलं, ज्याने कायद्याच्या वाटेने मागणी केलीय आणि उत्तराची वाट पाहतोय, तो आठवड्याच्या आत विष घालून स्वतःचाच घात का करील?

महाराज स्वतः साक्षीदार म्हणून आले नाहीत. त्या काळी आरोपीला शपथेवर साक्ष देताच येत नसे. त्यांच्यातर्फे आरोप नाकारणारं लेखी निवेदन दाखल झालं. आज आरोपीची इच्छा असेल तर तो शपथेवर साक्ष देऊ शकतो, पण सक्ती नाही, आणि गप्प राहिला म्हणून दोषी धरता येत नाही.

तीन विरुद्ध तीन

मार्चच्या अखेरीस मतं आली. काउच, मीड, मेलव्हिल यांनी आरोप सिद्ध मानले. शिंदे, जयपूरचे महाराजा आणि दिनकरराव यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असं मानलं नाही.

याचा अर्थ नुसता गोरे विरुद्ध काळे असा लावणं सोपं आहे, आणि त्यात काही तथ्य नसेलच असंही नाही. पण साक्षीच्या नियमांतून पाहिलं तर दोन्ही मतांना आपापलं तर्कशास्त्र आहे. इंग्रज सदस्यांनी पाहिलं की इतक्या वेगवेगळ्या माणसांची हकीगत मोठ्या बाबतीत जुळते, गाडीवान, सोनार, पत्रं, हिशेब यांचा टेकू आहे, आणि नरसूला तर माफीही नव्हती. हिंदी सदस्यांनी पाहिलं की टेकू मिळतो तो जाण्यायेण्याला आणि पैशाला, विषाला नाही. विषापर्यंत नेणारे सगळे साथीदार, पोलिसांच्या ताब्यातून आलेले आणि बहुतेक माफीवर सुटणारे. सोमल विकणारा आला नाही, हिरे देणारा फिरला. शिवाय नोकरांशी राजेरजवाड्यांचं आतून बोलणं चालतं, दिवाळी-दसऱ्याला पैसे दिले जातात, हे दरबारात वाढलेल्या माणसांना काही जगावेगळं वाटलं नसणार. बखशीस आणि लाच यांतलं अंतर त्यांना अनुभवाने माहीत होतं.

सरकारने मग काय केलं? विषप्रयोगाच्या निष्कर्षावर निर्णय टेकवलाच नाही. एप्रिल १८७५ मधल्या जाहीरनाम्यात गैरवर्तन, कुशासन आणि सुधारणा करण्याची अक्षमता ही कारणं देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. तिथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. २७ मे १८७५ ला जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेच आपले सयाजीराव महाराज. पुढचं आधुनिक बडोदं, शाळा, ग्रंथालयं, सगळं त्यातून आलं. म्हणून बडोदेकर या खटल्याकडे बघताना जरा अडखळतात. परिणाम चांगला झाला, पण तो ज्या वाटेने झाला ती वाट सरळ होती का? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत मिसळू नयेत एवढंच म्हणायचं आहे. चौकशी विषाची झाली, शिक्षा कारभाराची मिळाली. आणि कारभाराच्या आरोपाला या आयोगापुढे एकही साक्षीदार उलटतपासातून गेला नव्हता.

बडोदे, ग्वाल्हेर किंवा गोव्यातल्या ज्या घरांत या प्रकरणाच्या आठवणी, पत्रं, जुने छापील वृत्तान्त असतील त्यांनी ते वाचताना एक करून पाहावं. प्रत्येक विधानापुढे समासात लिहावं: हे कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा होता, आणि बाहेरून टेकू कुठला. इतिहासाच्या अभ्यासकालाही साक्षीदारच तपासायचे असतात. फरक एवढाच की आपले साक्षीदार कागदावर असतात, आणि त्यांचा उलटतपास आपल्यालाच घ्यावा लागतो.